नावाला खुर्ची, कामाला पायरी?

क्रिकेटचा संघ हरला की पहिली कुऱ्हाड सहायक प्रशिक्षकावर पडावी आणि संघ जिंकला की हारतुरे मुख्य प्रशिक्षकाच्या गळ्यात पडावेत, हा आपल्याकडे जवळजवळ रिवाजच होऊन बसला आहे. २०२५ या एकाच वर्षाने या रिवाजाच्या दोन्ही बाजू उघड केल्या. एप्रिलमध्ये अभिषेक नायर यांना भारतीय पुरुष संघाच्या सहायक प्रशिक्षकपदावरून दूर करण्यात आले. जुलै २०२४ मध्ये झालेली त्यांची नेमणूक पुरते एक वर्षही टिकली नाही. ऑक्टोबरमध्ये त्याच नायर यांना कोलकाता नाइट रायडर्स या संघाने आपल्या मुख्य प्रशिक्षकपदी बसविले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २ नोव्हेंबरला, नवी मुंबईच्या मैदानावर भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला. त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक अमोल मुझुमदार यांनीही आपल्या प्रशिक्षकीय कारकीर्दीची उमेदवारी फलंदाजी-प्रशिक्षक म्हणूनच केली होती. भारतासाठी एकही आंतरराष्ट्रीय सामना त्यांच्या वाट्याला आला नव्हता. या दोन घटनांमधून जो प्रश्न उभा राहतो, तो केवळ क्रीडाशौकिनांच्या गप्पांचा विषय म्हणून सोडून देण्यासारखा नाही. संघाच्या एका अंगाची जबाबदारी वर्षानुवर्षे वाहणाऱ्या माणसाला संपूर्ण संघाची सूत्रे मिळणार की नाहीत, आणि मिळायची तर ती कोणत्या कसोटीवर, हा तो प्रश्न होय.

आंधळगाव-मोहाडीसारख्या गावांत या प्रश्नाचे स्वरूप लोकांना निराळे समजावून सांगावे लागणार नाही. शाळेत मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली की ‘प्रभारी’ म्हणून गाडा ओढणारा एक असतो आणि यथावकाश आदेश घेऊन येणारा दुसरा असतो, हे तेथील शिक्षकांना ठाऊक आहे. कचेरीतील टिपणी कोण लिहितो आणि तिच्यावर सही कोणाची होते, हे कारकुनास माहीत असते. आंधळगाव हे कोशाच्या वस्त्रांच्या विणकामासाठी ओळखले जाणारे गाव. सूत काढणारे, ताणा लावणारे आणि मागावर बसणारे हात वेगवेगळे असतात, पण बाजारात लुगड्याचे नाव निघते ते शेवटच्या हाताचे, हे विणकरांच्या घरात जन्मलेल्या मुलास उमजलेले असते. क्रिकेट संघाचे आजचे स्वरूपही काहीसे असेच श्रमविभागणीचे झाले आहे.

पूर्वी भारतीय संघाबरोबर व्यवस्थापक जाई आणि बाकी सारे कर्णधाराच्या शिरावर असे. आता फलंदाजीचा प्रशिक्षक वेगळा, गोलंदाजीचा वेगळा, क्षेत्ररक्षणाचा वेगळा, आणि या सर्वांवर मुख्य प्रशिक्षक. अमेरिकेतील फुटबॉलमध्ये ही विभागणी याहूनही टोकाला गेलेली आहे. तेथे आक्रमण करणारे खेळाडू वेगळे आणि बचाव करणारे वेगळे असतात, आणि आक्रमणाची प्रत्येक चाल आखण्यासाठी एक स्वतंत्र संयोजक असतो. एखाद्या संघाचे मुख्य प्रशिक्षकपद रिकामे झाले की ‘हा संयोजक आता मुख्य होणार काय?’ ही चर्चा तेथे दरवर्षी रंगते. भारतीय क्रिकेटमधील फलंदाजी-प्रशिक्षक हा त्याचाच जवळचा भाऊ. फरक एवढाच की तेथे या पदाकडे पुढच्या पदाची पायरी म्हणून पाहिले जाते आणि येथे अपयशाची फेड करून घेण्याची जागा म्हणून.

बांगर यांचा धडा

या संदर्भात संजय बांगर यांची कारकीर्द मुद्दाम तपासून पाहावी अशी आहे. बीडमध्ये जन्मलेला हा खेळाडू रेल्वेच्या संघातून पुढे आला आणि २००४-०५ मध्ये रेल्वेला रणजी करंडक मिळवून देणारा कर्णधार ठरला. २००२ च्या हेडिंग्ले कसोटीत सलामीला जाऊन त्यांनी काढलेल्या ६८ धावा जाणकारांच्या स्मरणात आहेत. प्रशिक्षक म्हणून त्यांचा उदय झपाट्याने झाला. २०१४ मध्ये पंजाबचा संघ त्यांच्या देखरेखीखाली आयपीएलच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि त्याच वर्षी ते भारतीय संघाचे फलंदाजी-प्रशिक्षक झाले. २०१६ च्या झिंबाब्वे दौऱ्यावर त्यांनी मुख्य प्रशिक्षकाची जबाबदारी सांभाळली. भारताने एकदिवसीय मालिका ३-० अशी आणि ट्वेंटी-२० मालिका २-१ अशी जिंकली. जून २०१७ मध्ये अनिल कुंबळे यांनी राजीनामा दिला, तेव्हा वेस्ट इंडीजच्या दौऱ्यात पुन्हा बांगर यांच्याच खांद्यावर भार आला. तेथेही एकदिवसीय मालिका ३-१ अशी जिंकण्यात आली. परंतु कायम नेमणुकीची वेळ आली तेव्हा रवी शास्त्री मुख्य प्रशिक्षक झाले आणि बांगर पुन्हा आपल्या जुन्या पायरीवर परतले.

पुढे २०१९ चा विश्वचषक आला. साखळीत भारत गुणतक्त्याच्या शिखरावर राहिला आणि रोहित शर्मा यांनी एकाच स्पर्धेत पाच शतके झळकावली. मँचेस्टरच्या उपांत्य सामन्यात २४० धावांचे आव्हान स्वीकारताना पहिले तीन गडी अवघ्या ५ धावांत गेले आणि भारत १८ धावांनी हरला. चौथ्या क्रमांकावर कोण आणि धोनी सातव्या क्रमांकावर का, या प्रश्नांचा गदारोळ उठला. ऑगस्टमध्ये नेमणुका झाल्या तेव्हा मुख्य प्रशिक्षक कायम राहिले, गोलंदाजीचे आणि क्षेत्ररक्षणाचे प्रशिक्षकही कायम राहिले. बदलले गेले ते एकटे बांगर. फलंदाजीचा क्रम ठरविणे हा संघव्यवस्थापनाचा सामुदायिक निर्णय असतो. तो चुकला असेल तर त्याची जबाबदारीही सामुदायिक असावयास हवी होती. ज्याच्या हाती अंतिम अधिकार नाही, त्याच्याकडून अंतिम हिशेब मागितला गेला. या व्यवहाराला न्याय म्हणणे कठीण आहे.

नायर यांच्या बाबतीत फारसे वेगळे घडले नाही. २०२४ च्या शेवटी न्यूझीलंडने भारताला भारतातच ३-० असे पराभूत केले. पाठोपाठ ऑस्ट्रेलियातील मालिका ३-१ अशी गेली. जानेवारी २०२५ मध्ये सितांशु कोटक फलंदाजी-प्रशिक्षक म्हणून आले. मार्चमध्ये संघाने चॅम्पियन्स करंडक जिंकला, तरीही एप्रिलमध्ये नायर बाहेर पडले. पराभवाची नोंद त्यांच्या खाती झाली आणि विजयाची मात्र झाली नाही.

पात्रतेचे कोष्टक

यावर कोणी असे म्हणेल की, प्रशिक्षकांची निवड नियमांनुसार होते. मग नियमच पाहावेत. मे २०२४ मध्ये क्रिकेट नियामक मंडळाने पुरुष संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदासाठी जाहिरात दिली. उमेदवार किमान ३० कसोटी किंवा ५० एकदिवसीय सामने खेळलेला असावा, अथवा कसोटी खेळणाऱ्या देशाचा किमान दोन वर्षे मुख्य प्रशिक्षक असावा, अथवा आयपीएल, प्रथम श्रेणी किंवा ‘अ’ संघाचा किमान तीन वर्षे मुख्य प्रशिक्षक असावा, किंवा मंडळाचे तिसऱ्या स्तराचे प्रमाणपत्र अगर तत्सम पात्रता त्याच्यापाशी असावी, असे पर्याय तीत होते. वयाची अट साठीच्या आत. या कोष्टकात राष्ट्रीय संघाबरोबर सहायक म्हणून घालविलेल्या वर्षांना स्वतंत्र रकाना नाही. पाच वर्षे संघाच्या फलंदाजांबरोबर जगभर फिरलेला, त्यांचे तंत्र, त्यांच्या भीती आणि त्यांचे रुसवेफुगवे ओळखणारा माणूस त्या अनुभवाच्या बळावर पात्र ठरत नाही. पन्नास एकदिवसीय सामने खेळलेला माजी खेळाडू मात्र एक दिवसही प्रशिक्षण न देता पात्र ठरतो. बांगर यांच्या नावावर १२ कसोटी आणि १५ एकदिवसीय सामने, नायर यांच्या नावावर ३ एकदिवसीय सामने, आणि मुझुमदार यांच्या नावावर शून्य. खेळाडू म्हणून पहिल्या रकान्यात तिघांनाही जागा नाही.

या जाहिरातीनंतर गौतम गंभीर यांची निवड झाली. ५८ कसोटी आणि १४७ एकदिवसीय सामन्यांचा त्यांचा अनुभव निर्विवाद आहे, आणि २०२४ मध्ये कोलकात्याच्या संघाने आयपीएल जिंकली तेव्हा ते त्या संघाचे मार्गदर्शक होते. पण त्याच विजयी संघाचे मुख्य प्रशिक्षक चंद्रकांत पंडित होते आणि सहायक अभिषेक नायर. एकाच यशाच्या तीन भागीदारांपैकी ज्याचे नाव मोठे, तो देशाच्या संघाचा प्रमुख झाला. एक त्याचा सहायक होऊन वर्षभराच्या आत परतला. उरलेल्या पंडितांनी जुलै २०२५ मध्ये कोलकात्याचे पद सोडले. गंभीर यांच्या पात्रतेबद्दल शंका घेण्याचे येथे प्रयोजन नाही. नाव आणि काम यांची तुलना झाली की पारडे आपोआप नावाकडे झुकते, ही सवय येथे दाखवायची आहे.

अन्य देशांनी ही सवय थोडीफार मोडली आहे. अँडी फ्लॉवर २००७ मध्ये इंग्लंडच्या संघात फलंदाजीकडे पाहणारे सहायक म्हणून आले. २००९ च्या आरंभी पीटर मूर्स गेले आणि हंगामी सूत्रे फ्लॉवर यांच्याकडे आली. वेस्ट इंडीजच्या त्या दौऱ्यात किंग्स्टनला इंग्लंडचा डाव अवघ्या ५१ धावांत कोसळला. आपल्याकडे तेवढे एक कारण फलंदाजी-प्रशिक्षकाची रवानगी करण्यास पुरेसे झाले असते. इंग्लंडने मात्र एप्रिलमध्ये त्यांनाच कायम केले. त्याच वर्षी अ‍ॅशेस, २०१० मध्ये ट्वेंटी-२० विश्वचषक आणि २०१०-११ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर अ‍ॅशेस, असे त्याचे फळ इंग्लंडला मिळाले. ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू मॅकडोनाल्ड अवघे ४ कसोटी सामने खेळलेले. जस्टिन लँगर यांचे ते सहायक होते. लँगर फेब्रुवारी २०२२ मध्ये गेल्यावर प्रथम हंगामी आणि एप्रिलमध्ये कायम अशी त्यांची नेमणूक झाली. जून २०२३ मध्ये कसोटी अजिंक्यपदाच्या आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये अहमदाबादच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्यांच्या संघाने भारतालाच हरविले. हे दोन्ही पराभव भारतीय रसिकांच्या मनाला अजून सलतात. ज्या निवडपद्धतीने तो प्रशिक्षक पुढे आणला, तिच्याकडे मात्र येथे फारसे कोणी पाहिले नाही.

तरीही परदेशात सारेच काही आलबेल आहे, असा समज करून घेण्याचे कारण नाही. अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या संघात २०१८ ते २०२२ असे पाच हंगाम एरिक बिएनमी आक्रमणाचे संयोजक होते. त्या काळात संघाने दोनदा राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. त्यांच्या आधी तेच काम करणारे डग पेडरसन आणि मॅट नॅगी हे दोघेही अन्य संघांचे मुख्य प्रशिक्षक झाले होते, आणि पेडरसन यांनी तर फिलाडेल्फियाला अजिंक्यपदही मिळवून दिले. बिएनमी यांना मुलाखतींची बोलावणी वारंवार आली, पद एकदाही आले नाही. अखेर २०२३ मध्ये ते वॉशिंग्टनच्या संघात पुन्हा संयोजक म्हणूनच गेले. कृष्णवर्णीय उमेदवारांना डावलले जाऊ नये म्हणून प्रत्येक रिकाम्या पदासाठी अशा उमेदवाराची मुलाखत घेतलीच पाहिजे, असा नियम तेथील लीगने २००३ मध्येच केला आहे. बिएनमी यांच्या अनुभवाने त्या नियमाची मर्यादा दिसून आली. मुलाखत सक्तीची करता येते, विचार सक्तीचा करता येत नाही. चाली मुख्य प्रशिक्षक अँडी रीड यांच्याच असतात, असे सांगून संयोजकाचे श्रेय कमी लेखले गेले. मग पेडरसन आणि नॅगी यांना तोच निकष का लागला नाही, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

दुसरी बाजू

येथवरच्या विवेचनावरून प्रत्येक सहायकाला बढती मिळालीच पाहिजे, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. सेवाज्येष्ठतेच्या यादीवरून मुख्य प्रशिक्षक नेमता येत नाही. सहायक आणि मुख्य यांच्या कामात केवळ आकाराचा नव्हे, जातीचाच फरक आहे. सहायक हा खेळाडूचा विश्वासू असतो. अपयशी फलंदाज त्याच्यापाशी मन मोकळे करतो, कारण संघातून वगळण्याचा अधिकार त्याच्या हाती नसतो. मुख्य प्रशिक्षकाला त्याच खेळाडूला वगळावे लागते, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा उभेही करावे लागते. सहायक एक कौशल्य शिकवितो, तर मुख्याला परस्परविरोधी गरजांचा मेळ घालावा लागतो. बांगर यांचीच उत्तरायणातील कारकीर्द पाहिली तरी हे ध्यानी येते. २०१४ मध्ये अंतिम सामना खेळलेला पंजाबचा संघ २०१५ मध्ये आणि २०१६ मध्येही तळाला गेला. बंगळूरुच्या संघात फेब्रुवारी २०२१ मध्ये ते फलंदाजी-सल्लागार झाले आणि नोव्हेंबरमध्ये मुख्य प्रशिक्षक. २०२२ मध्ये संघ तिसरा आला, २०२३ मध्ये सहावा, आणि मग त्यांची जागा दुसऱ्याने घेतली. तो दुसरा म्हणजे तेच अँडी फ्लॉवर. जून २०२५ मध्ये बंगळूरुने पहिल्यांदा अजिंक्यपद मिळविले ते त्यांच्याच कारकीर्दीत. फलंदाजीचा उत्तम गुरू हा संघाचा उत्तम धनी होईलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

मग कसोटी कोणती? तिचे उत्तर मुझुमदार यांच्या वाटचालीत सापडते. १९८८ मध्ये तेंडुलकर आणि कांबळी ६६४ धावांची भागी रचत असताना पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसून राहिलेला शारदाश्रमचा हा विद्यार्थी. रणजी पदार्पणात २६० धावा, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा आणि मुंबईचे यशस्वी कर्णधारपद, एवढी पुंजी असूनही त्यांना भारताची टोपी मिळाली नाही. प्रशिक्षक म्हणून ते राजस्थानच्या आयपीएल संघात फलंदाजी शिकवू लागले. २०१९ च्या भारत दौऱ्यात ते दक्षिण आफ्रिकेचे हंगामी फलंदाजी-प्रशिक्षक होते. ती मालिका आफ्रिकेने ३-० अशी गमावली. तरीही २०२१ मध्ये मुंबईने त्यांना मुख्य प्रशिक्षक केले. जून २०२२ मध्ये त्यांचा संघ रणजीच्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशाकडून हरला. समोरच्या संघाचे प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित, म्हणजे रमाकांत आचरेकर यांचेच शिष्य. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईने सय्यद मुश्ताक अली करंडक प्रथमच जिंकला. ऑक्टोबर २०२३ मध्ये महिला संघाची जबाबदारी त्यांच्याकडे आली, ती एक छोटा संघ स्वतः चालवून झाल्यानंतर.

त्या अनुभवाचे मोल २०२५ च्या विश्वचषकात कळले. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्याकडून लागोपाठ तीन पराभव झाले होते. इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात सहावा गोलंदाज हवा म्हणून जेमिमा रॉड्रिग्ज यांना वगळण्यात आले. पुढच्याच सामन्यात त्या परतल्या आणि तिसऱ्या क्रमांकावर खेळू लागल्या. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग त्यांच्या नाबाद १२७ धावांनी पूर्ण झाला. प्रतिका रावल जायबंदी झाल्यावर आलेल्या शफाली वर्मा यांनी अंतिम सामन्यात ८७ धावा काढल्या, दोन बळीही घेतले, आणि भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरविले. वगळण्याचा, परत आणण्याचा आणि क्रम बदलण्याचा निर्णय घेणे, आणि तीन पराभवांनंतर संघ एकत्र ठेवणे, हे मुख्य प्रशिक्षकाचे काम होय. जाळ्यातील सरावात ते शिकता येत नाही. लहान जबाबदाऱ्या पेलतापेलताच ते अंगी बाणते.

विदर्भाला याचा दाखला शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. २०१७-१८ आणि २०१८-१९ असे लागोपाठ दोन रणजी करंडक विदर्भाने जिंकले, ते मुंबईहून आलेल्या चंद्रकांत पंडितांच्या करड्या शिस्तीखाली. त्यांच्या जोडीला सुब्रतो बॅनर्जी गोलंदाजी पाहत होते. इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध रजनीश गुरबानी यांनी साधलेली हॅट्‌ट्रिक लोकांच्या स्मरणात राहिली. तिच्यामागे सरावात खपलेले हात किती होते, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. पंडित गेल्यावर विदर्भ विस्कटेल, असे भाकीत करणाऱ्यांना मात्र काळाने खोटे पाडले. मार्च २०२४ मध्ये विदर्भ पुन्हा अंतिम सामना खेळला आणि मार्च २०२५ मध्ये केरळवर पहिल्या डावातील आघाडीच्या जोरावर तिसऱ्यांदा रणजी विजेता झाला. या वेळी प्रशिक्षक होते विदर्भाच्याच क्रिकेटमध्ये वाढलेले उस्मान गनी. बाहेरच्या नामवंताने पाया घालावा आणि घरच्या माणसाने त्यावर इमारत चढवावी, ही वाट अनुकरण करण्याजोगी आहे.

क्रिकेट मंडळाने आता तीन गोष्टी कराव्यात. मुख्य प्रशिक्षकाच्या पात्रतेत राष्ट्रीय संघाबरोबरच्या सहायक सेवेला निश्चित वजन द्यावे. ‘अ’ संघाचे आणि दुय्यम संघांचे दौरे पाळीपाळीने सहायकांच्या स्वाधीन करावेत. २०१६ मध्ये बांगर यांना झिंबाब्वेला पाठविले होते, तसा प्रयोग अपवाद म्हणून न राहता पद्धत म्हणून रुजावा. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सहायकाला दूर करताना त्याच्या कामाचे मूल्यमापन कोणी आणि कशाच्या आधारे केले, हे मंडळाने नोंदवावे आणि निदान त्या माणसाला तरी सांगावे. सरकारी कचेरीतील साध्या कर्मचाऱ्यालाही आपल्या गोपनीय अहवालातील प्रतिकूल शेरा कळविला जातो. कोट्यवधींचा कारभार असलेल्या मंडळाला एवढी किमान रीत पाळणे जड जाऊ नये.

आयपीएलच्या संघमालकांनी व्यापारी हिशेबाने का होईना, नायर यांच्यासारख्या सहायकावर विश्वास टाकण्याचे धाडस दाखविले. राष्ट्रीय संघाच्या कारभाऱ्यांपुढेही संधी येणार आहे. गंभीर यांची नेमणूक झाली ती २०२७ च्या अखेरपर्यंतच्या मुदतीसाठी. पुढच्या वेळी जाहिरात निघेल तेव्हा किती कसोट्या खेळलास, एवढे विचारून मंडळाने थांबू नये. किती खेळाडू घडविलेस, कोणता संघ चालविलास आणि पडत्या काळात तो कसा सावरलास, हेही त्याच कागदावर विचारले पाहिजे. त्या उत्तरांत एखादा फलंदाजी-प्रशिक्षक सरस ठरला, तर त्याच्या हाती सूत्रे देताना मंडळाने कचरू नये.